पोलादी पिस्तूल हाती असताना पॉलिमरकडे वळावे का?

परवान्याचे पोलादी पिस्तूल वर्षानुवर्षे निगुतीने सांभाळलेल्या माणसापुढे आज एक प्रश्न हटकून उभा राहतो. कमांडोंच्या कमरेला, पोलिसांच्या विशेष पथकांकडे, जगभरच्या सैन्यांत सगळीकडे हलकी, काळी, पॉलिमरच्या सांगाड्याची पिस्तुले दिसतात. मग आपल्या कपाटातले जड पोलादी हत्यार कालबाह्य झाले का? आणि बदलायचे ठरवले, तर ऐन वेळी दगा देणार नाही असे पिस्तूल ओळखायचे कसे?

हा प्रश्न इंदुरात बसून विचारण्याला विशेष अर्थ आहे. शहराच्या एका अंगाला सीमा सुरक्षा दलाची सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स ही संस्था आणि रेवती रेंज आहे. दुसऱ्या अंगाला, वीस-पंचवीस किलोमीटरवर महू. तिथल्या इन्फंट्री स्कूलमध्ये पायदळाचे अधिकारी आणि जवान हत्यारांचे शास्त्र शिकतात आणि तिथल्याच आर्मी मार्क्समनशिप युनिटने देशाला ऑलिंपिक दर्जाचे नेमबाज दिले. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार महूच्याच तालमीतले. हत्यार आणि त्याची विश्वासार्हता यांचा विचार या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सामान्य परवानाधारकापर्यंत मात्र त्यातले फार थोडे पोहोचते. त्याच्या वाट्याला येतात त्या ऐकीव गोष्टी आणि विक्रेत्याची शिफारस.

या आढाव्यात जे मांडायचे आहे ते आधीच सांगतो. पोलाद की पॉलिमर हा निवडीचा पहिला निकष नव्हे, तो पाचवा आहे. काडतूस, मॅगझिन, पडले तरी न सुटण्याची खात्री आणि दुरुस्तीची सोय हे त्याच्या आधी येतात. भारतातल्या परवानाधारकाला तर हा क्रम पाळण्यावाचून गत्यंतर नाही, कारण आपला कायदा आणि आपला बाजार पाश्चात्त्य देशांपेक्षा अगदी वेगळा आहे.

पॉलिमर रुळले कसे

पॉलिमरच्या सांगाड्याचे पहिले बाजारी पिस्तूल जर्मनीच्या हेकलर अँड कोख कंपनीने 1970 साली आणले. त्याचे नाव व्हीपी 70. ते फारसे चालले नाही. खरी क्रांती केली ऑस्ट्रियाच्या गॅस्टन ग्लॉक यांनी. पिस्तुले बनवण्याचा त्यांना कसलाही पूर्वानुभव नव्हता. त्यांचा धंदा प्लास्टिक आणि धातूच्या वस्तूंचा होता आणि ऑस्ट्रियन सैन्याला ते चाकू-फावड्यांसारखे साहित्य पुरवत. सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे हे कळल्यावर त्यांनी कोऱ्या कागदावरून सुरुवात केली आणि 1982 साली त्यांचे ग्लॉक 17 सैन्याने स्वीकारले. नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरचा सांगाडा, मोजके सुटे भाग, बाहेर दिसणारा घोडा नाही आणि मॅगझिनमध्ये 17 काडतुसे. रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे 630 ग्रॅम.

याच्या शेजारी आपले पोलादी पिस्तूल ठेवून पाहावे. भारतीय सैन्य आणि पोलीस दशकानुदशके वापरत आलेले 9 एमएम 1 ए पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल कारखान्यात बनते. त्याची मूळ रचना 1935 सालच्या ब्राउनिंग हाय-पॉवरची. सगळे पोलादी, वजन 900 ग्रॅमच्या आसपास आणि मॅगझिनमध्ये 13 काडतुसे. हे हत्यार टाकाऊ मुळीच नव्हते. ब्रिटिश सैन्यानेही मूळचे हाय-पॉवर अनेक दशके वापरले आणि 2013 साली त्याची जागा ग्लॉकच्या चौथ्या पिढीच्या पिस्तुलाला दिली. 2017 च्या जानेवारीत अमेरिकेच्या सैन्याने 1985 पासून वापरात असलेल्या बेरेटा पिस्तुलाऐवजी सिग साउअरचे पॉलिमर पिस्तूल निवडले. आपल्या राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या कमांडोंच्या हातीही ग्लॉक आले. मध्य प्रदेशातच, ग्वाल्हेरजवळच्या मालनपूरला 2017 साली सुरू झालेल्या पीएलआर सिस्टिम्सच्या कारखान्याच्या उत्पादनांत इस्रायली बनावटीचे मासाडा हे पॉलिमर सांगाड्याचे 9 एमएम पिस्तूल आहे.

महूचे स्वतःचे उदाहरण याहूनही जवळचे. इन्फंट्री स्कूलमधील लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांनी पुण्याच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेच्या साथीने 'अस्मी' हे 9 एमएम मशीन पिस्तूल घडवले. जानेवारी 2021 मध्ये ते जाहीर झाले तेव्हा ते अवघ्या चार महिन्यांत तयार झाल्याचे सांगण्यात आले. त्याच्या सांगाड्याचा वरचा भाग विमानांसाठी वापरतात त्या दर्जाच्या अॅल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, तर चापाचे काही भाग धातूच्या त्रिमितीय छपाईने बनवलेले. 2024 साली सैन्याच्या उत्तर विभागासाठी 550 अस्मींची मागणी नोंदवली गेली. हे हत्यार सैन्याचे, परवानाधारकाच्या वाट्याला ते येणार नाही. तरी त्याची घडण एक गोष्ट नेमकी शिकवते. कोणत्या भागावर किती ताण येतो ते पाहून रचनाकार त्या भागाचा पदार्थ ठरवतो. स्फोटाचा दाब नळीला आणि काडतुसाच्या मागच्या भागाला सोसावा लागतो, म्हणून तिथे पोलादच लागते. मुठीचा भाग फक्त हे सगळे जागेवर धरून ठेवतो, तिथे हलका पदार्थ चालतो. 'प्लास्टिकचे पिस्तूल' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आणि 'पोलाद म्हणजे जुनाट' म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात घ्यावे. पॉलिमर पिस्तुलातही नळी, स्लाइड आणि स्लाइड ज्यावर धावते ते रूळ धातूचेच असतात.

आपल्यासाठी दार किती उघडे आहे

वर आलेली जवळजवळ सगळी नावे 9 एमएमची आहेत आणि भारतात 9 एमएम हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. परवानाधारकाच्या पिस्तुलाचा रूढ बोअर म्हणजे .32, म्हणजेच 7.65 एमएम. परदेशी पिस्तुलांची विक्रीसाठी आयात 1980 च्या दशकात बंद झाली. नामांकित नेमबाजांना खेळासाठी काही सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. त्यामुळे परदेशी मासिकांतली 'सर्वोत्तम दहा' यादी वाचून इंदूरच्या माणसाच्या हाती काही लागत नाही. ती यादी दुसऱ्या बाजाराची आहे.

1959 चा शस्त्र कायदा, 2016 चे शस्त्र नियम आणि 2019 ची दुरुस्ती या तिन्हींची चौकट प्रत्येक खरेदीभोवती असते. 2019 नंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. वाडवडिलांकडून आलेली बंदूक या दोनांत मोजली जाते. म्हणजे ज्याच्याकडे आजोबांची बारा बोअर आणि स्वतःचे पोलादी पिस्तूल आहे, त्याला पॉलिमर पिस्तूल 'आणखी एक' म्हणून घेता येणार नाही. एकाला निरोप द्यावा लागेल. खासगी व्यक्तीने हत्यार विकण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. नव्या हत्याराची नोंद परवान्यावर चढवण्याचे काम वेगळेच. एवढा खटाटोप करायचा, तर त्यातून निष्पन्न काय होणार हे आधी तपासले पाहिजे.

पर्यायांचे चित्र असे आहे. सरकारी कारखान्यांचे .32 बोअरचे पिस्तूल म्हणजे ईशापूरचे 'अशनी'. साधी, जुनी, ब्राउनिंगच्या वळणाची रचना आणि घसघशीत पोलाद. कानपूरकडे रिव्हॉल्व्हरची परंपरा आहे. 2014 साली आलेले 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर हलकेपणासाठीच गाजले, तर 2023 च्या ऑगस्टमध्ये 'प्रबल' आले. त्याची काडतुसांची चकरी बाजूला उघडते. खासगी कारखान्यांना परवाने मिळू लागल्यापासून नवे खेळाडूही उतरले आहेत. उत्तर प्रदेशात संडीला येथे वेब्ली अँड स्कॉटचे काम सुरू झाले आणि हिसारमध्ये जिंदाल समूहाने ब्राझीलच्या टॉरससोबत संयुक्त कंपनी उभारली. पॉलिमर सांगाड्याची पिस्तुले बनवण्यात टॉरसचा हात जुना आहे. यापुढे परवानाधारकासमोर येणारे पर्याय वाढतच जातील, आणि म्हणूनच निवडीचे निकष आत्ताच पक्के करायला हवेत.

सांगाडा बदलला की काय बदलते

पहिला फरक वजनाचा. दिवसभर कमरेला बाळगणाऱ्याला दोनअडीचशे ग्रॅम कमी झाले तरी मोठा दिलासा मिळतो. पेट्रोल पंपाची रोकड घेऊन रोज बँकेत जाणाऱ्याला किंवा आडरानातल्या शेतावर मुक्काम करणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो. ज्याचे पिस्तूल वर्षातले साडेतीनशे दिवस घरच्या तिजोरीत असते, त्याला हलकेपणाचा काहीही लाभ नाही. उलट वजन हा नेमबाजाचा मित्र आहे. जड हत्यार उसळीत कमी उडते आणि नेम लवकर पुन्हा जागेवर येतो. नेमबाज राही सरनोबत ज्या प्रकारात खेळतात त्या 25 मीटर स्पर्धेत पिस्तुलाला 1400 ग्रॅमपर्यंत मुभा असते आणि स्पर्धेची पिस्तुले अजूनही धातूची असतात, ती या स्थैर्यासाठीच.

दुसरा फरक गंजाचा. मृगापासून हस्तापर्यंत माळव्याची हवा ओलसर असते. कमवलेल्या चामड्यात क्षार आणि ओल टिकून राहते. त्या होल्स्टरमध्ये पोलादी पिस्तूल चार महिने तसेच राहिले, तर जिथे चामडे टेकते तिथे तांबूस ठिपके पडणारच. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारे ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावी लागतात, तेव्हाही ती आठवडेच्या आठवडे तेलाविना पडून राहतात. पॉलिमरचा सांगाडा गंजत नाही हा त्याचा निर्विवाद गुण. पण नळी, स्लाइड, स्प्रिंग आणि मॅगझिन पोलादीच असल्याने पॉलिमर पिस्तुलाचीही निगा चुकत नाही. जमा करण्याआधी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा, चामड्यातून बाहेर काढून ठेवावे आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी उघडून पाहावे, हा नियम दोन्हींना लागू आहे.

उन्हाळ्यात बंद मोटारीत पॉलिमर वितळेल अशी भीती अनेकांना वाटते. या सांगाड्यांत वापरतात त्या जातीचे नायलॉन सुमारे 220 अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे मे महिन्यातल्या मोटारीच्या उष्णतेने त्याला काही होत नाही. मोटारीत हत्यार सोडून जाणेच चूक आहे, पण त्याचे कारण चोरी, ऊन नव्हे.

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आणि तो पोलादी पिस्तूल वापरलेल्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. गोळी सुटली की स्लाइड मागे धावते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलते. हे पूर्ण व्हायचे तर सांगाडा जागेवर ठाम राहायला हवा. पोलादी सांगाडा स्वतःच्या वजनामुळेच ठाम राहतो. हलका सांगाडा ठाम ठेवायचे काम मनगटाला करावे लागते. मनगट ढिले राहिले की स्लाइडबरोबर सगळे पिस्तूलच मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी खिडकीत उभीच्या उभी अडकते. मालक म्हणतो, पिस्तूल खराब निघाले. प्रत्यक्षात पकड बदलायची राहिलेली असते. पोलादावर हात बसलेल्या प्रत्येकाने पॉलिमर घेताना पहिली मेहनत पकडीवर घ्यावी.

चौथा फरक चापाचा. बहुतेक पॉलिमर पिस्तुलांत बाहेर घोडा नसतो, आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर ठोका देणारी पिन, असते. घोडा चढला आहे की नाही हे अंगठ्याने चाचपून पाहण्याची जुनी सवय इथे उपयोगाची नाही. अनेक नमुन्यांत अंगठ्याने फिरवायचा सेफ्टीचा खटकाही नसतो, सुरक्षेची पात चापातच बसवलेली असते. खटका आहे असे धरून चालणारा हात इथे घात करू शकतो. म्हणून चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर ही पॉलिमर पिस्तुलाबरोबरची अनिवार्य खरेदी आहे. सैल कापडी पाकीट चालणार नाही. आणि नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, ही शिस्त तर कोणत्याही हत्याराला लागू आहे.

दगा बहुधा कुठे होतो

पिस्तूल अडकले की दोष सांगाड्याला दिला जातो. अनुभवी शस्त्रदुरुस्तीवाला मात्र आधी मॅगझिन हातात घेतो. मॅगझिनच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना वळवलेल्या ओठांसारख्या कडा असतात. काडतूस कोणत्या कोनात वर येणार हे त्या ठरवतात. मॅगझिन एकदा फरशीवर पडले आणि कड केसभर वाकली तरी काडतूस नळीच्या तोंडाऐवजी कडेवर आदळते. आतली स्प्रिंग थकली, तर शेवटची दोन काडतुसे वेळेवर वर येत नाहीत. म्हणून नवे पिस्तूल घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा: याची जादा मॅगझिन मिळतील का आणि पाच वर्षांनीही मिळतील का? मिळणार नसतील, तर पिस्तूल कितीही नामांकित असो, ते आपल्या कामाचे नाही. आयातबंदीपूर्वीची परदेशी पिस्तुले भारतात भरमसाट किमतीला विकली जातात. त्यांच्याविरुद्धचा सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. घडण उत्तम, पण मॅगझिन नाही, स्प्रिंग नाही, फायरिंग पिन तुटली तर बदली नाही.

.32 काडतुसाचा स्वतःचा एक स्वभाव आहे. जॉन ब्राउनिंग यांनी 1899 च्या सुमारास आणलेल्या या काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. 9 एमएमच्या काडतुसाला अशी बाहेर आलेली कड नसते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी वरचे काडतूस पुढे सरकत नाही. हे पोलादी पिस्तुलात होते तसेच पॉलिमरमध्येही होते. उपाय साधा आहे. प्रत्येक काडतूस भरताना त्याची कड खालच्याच्या कडेपुढे आहे हे डोळ्यांनी पाहावे आणि मॅगझिन भरून झाल्यावर वरचे काडतूस बोटाने पुढे सरकते का ते तपासावे. चार सेकंदांचे काम आहे आणि ते न केल्याने पिस्तुले बदनाम झाली आहेत.

काडतुसाचे वयही मोजले पाहिजे. आपल्याकडे परवानाधारकांना मिळणारी .32 ची काडतुसे प्रामुख्याने पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. 1869 साली स्थापन झालेला हा कारखाना 2021 पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीचा भाग आहे. पुंगळीच्या बुडावर केएफ ही अक्षरे ठोकलेली असतात. ही काडतुसे दहा-पंधरा वर्षे कपाटात, तीही तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवणारे लोक आहेत. तेल बुडाच्या टोपीतून आत झिरपले की काडतूस फुसके निघते. काडतुसे कोरड्या डब्यात ठेवावीत, जुनी आधी सरावाला वापरावीत आणि नवी जवळ ठेवावीत. तेलाचा अतिरेक पिस्तुलालाही भोवतो. स्ट्रायकरच्या बोगद्यात तेल साचले की त्यात धूळ आणि काजळी बसते, पिनेचा ठोका दुबळा पडतो. तो बोगदा कोरडाच ठेवायचा असतो.

नको तेव्हा सुटणे

विश्वासार्हतेची दुसरी बाजू पहिलीइतकीच मोठी आहे. हवे तेव्हा सुटणारे हत्यार नको तेव्हा सुटता कामा नये. अमेरिकन सैन्याने निवडलेल्या सिग पी 320 च्या नागरी आवृत्तीबद्दल 2017 च्या ऑगस्टमध्ये असे उघड झाले की विशिष्ट कोनात खाली पडले तर ते सुटू शकते. कंपनीला चापाच्या भागात सुधारणा करून द्याव्या लागल्या आणि त्या पिस्तुलावरचा वाद नंतरही शमला नाही. नामांकित कंपनी, मोठे सैन्य, प्रचंड मागणी, एवढे असूनही दोष बाजारात आला. तेव्हा केवळ नावावर जाऊ नये. पिनेला आतून अडवून ठेवणारी, चाप पूर्ण ओढल्याशिवाय न हटणारी आडकाठी आपल्या नमुन्यात आहे का हे विक्रेत्याकडून समजून घ्यावे. जुन्या पोलादी पिस्तुलांच्या कित्येक नमुन्यांत ती नसते, आणि पॉलिमरकडे वळण्याचे ते एक सबळ कारण ठरू शकते. ज्याच्या घरात लहान मुले आहेत त्याच्यासाठी तर सांगाड्याच्या चर्चेआधी कुलूपबंद पेटी आणि वेगळी ठेवलेली काडतुसे ही अट येते.

मोजक्या काडतुसांत पारख

अमेरिकेतला नेमबाज नवे पिस्तूल घेतले की दोनशे गोळ्या झाडून पाहतो आणि मगच ते बाळगतो. आपल्याकडे परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेतच काडतुसे मिळतात आणि त्यांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणून आपली पारख वेगळ्या पद्धतीने करावी लागते.

खरेदीपूर्वी परवानाधारक विक्रेत्याकडेच, रिकाम्या पिस्तुलात डमी काडतुसे भरून, उपलब्ध प्रत्येक मॅगझिनमधून ती नळीत नीट जातात आणि बाहेर पडतात का ते पाहावे. स्लाइड स्वतः ओढून पाहावी. .32 च्या साध्या रचनेत स्प्रिंग कडक असते. साठी ओलांडलेल्या किंवा सांधे दुखणाऱ्या हातांना ती ओढवत नसेल, तर पॉलिमरचा विचार सोडून सरळ रिव्हॉल्व्हर घ्यावे. त्यात एखादे काडतूस फुसके निघाले तरी चाप पुन्हा ओढला की पुढचे समोर येते. परवान्यावर चढणारा क्रमांक हत्यारावरच्या क्रमांकाशी अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहावा. पॉलिमर सांगाड्यात तो बसवलेल्या धातूच्या पट्टीवर कोरलेला असतो, ती पट्टी अखंड आहे ना हे बघावे.

खरेदीनंतर पहिल्या वर्षाच्या काडतुसांतला मोठा वाटा पिस्तूल पारखण्यावर खर्च करावा. राज्य रायफल संघटनेशी संलग्न असलेल्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या नजरेखाली, प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून, आधी दोन हातांनी आणि मग एका हाताने झाडून पाहावे. कुठे अडकले, कोणत्या मॅगझिनमध्ये अडकले, कितव्या काडतुसाला अडकले, याची वही ठेवावी. एकाच मॅगझिनला पुन्हा पुन्हा अडकत असेल तर ते मॅगझिन बाद. सगळ्यांत अडकत असेल तर हत्यार विक्रेत्याकडे परत. दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिराकडेच करून घ्यावी. नळी आखूड करणे, बोअर बदलणे असले उद्योग गुन्हा ठरतात. 2016 च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षा प्रशिक्षण आवश्यक केले आहे. ते कागदापुरते न उरकता मनापासून घ्यावे, कारण पिस्तुलाइतकीच पारख ते धरणाऱ्या हाताची व्हायला हवी.

एक इशारा या भागात राहणाऱ्यांना द्यायलाच हवा. खरगोन, बडवानी, धार, बुऱ्हाणपूर या शेजारच्या जिल्ह्यांत गावठी पिस्तुले वर्षानुवर्षे पोलिसांच्या हाती लागत आहेत. त्यांतली काही परदेशी ठसा उमटवलेली, दिसायला चकचकीत असतात. 'स्वस्तात इम्पोर्टेड' म्हणून कोणी असे काही पुढे केले, तर ते हत्यार बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे आणि ते झाडणे हा स्वतःच्या हाताचा जुगार आहे. त्या नळीचे पोलाद कोणत्याही चाचणीतून गेलेले नसते. तसाच इशारा लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याच्या 'हर्ष फायरिंग'बद्दल. 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच, आणि ती कोणाच्या माथ्यावर येईल हे झाडणाऱ्याच्या हाती नसते.

निवाडा

ज्याचे पोलादी .32 पिस्तूल सुस्थितीत आहे, ज्याची मॅगझिन मिळतात आणि जे बहुतेक काळ तिजोरीत असते, त्याने केवळ नवेपणासाठी पॉलिमरकडे वळू नये. तोच पैसा नव्या स्प्रिंगा, एक-दोन जादा मॅगझिन, ताजी काडतुसे आणि सरावावर घालावा. पिस्तुलाची विश्वासार्हता त्याने नक्की वाढेल. जो रोज हत्यार बाळगतो, ज्याचे जुने पिस्तूल गंजाने किंवा झिजेने थकले आहे किंवा ज्यात पडल्यावर न सुटण्याची आतली आडकाठी नाही, त्याने पॉलिमरचा विचार जरूर करावा. मात्र सुटे भाग आणि दुरुस्ती भारतात देणाऱ्या उत्पादकाचेच पिस्तूल घ्यावे आणि पकड व चापाच्या सवयी पहिल्यापासून घडवायची तयारी ठेवावी. ज्याच्या हातात स्लाइड ओढण्याइतके बळ उरले नाही, त्याने रिव्हॉल्व्हर निवडावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

आणि परवाना असलेल्या प्रत्येकाला एक विनंती. पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता या आठवड्यात आपले हत्यार काळजीपूर्वक रिकामे करा, दोनदा खात्री करा आणि मग मॅगझिनच्या कडा, स्प्रिंगांचा जोर, काडतुसांचे वय आणि पेटीचे कुलूप या चार गोष्टी तपासा. नवे पिस्तूल घ्यायचे की नाही, याचा निर्णय त्या तपासणीनंतरच घ्या.